तोंडावर बोट

हेडमास्तर हे नाव त्याला मेहुण्याने चेष्टेत दिलं होतं. तो कुठल्याच शाळेत नव्हता. दुकानांतले वजनकाटे तपासणं हे त्याचं काम. दुकानदार काटा मारतोय असा संशय आला की हा गिऱ्हाइकांत गुपचूप उभा राहायचा, माप पुरतं चुकू द्यायचा आणि मगच मनगट धरायचा. आधी टोकलं तर माणूस सावध होतो, शिकत नाही, असं त्याचं म्हणणं. बाजारात हे ठीक होतं. पण शाळेत मुलांना उत्तरं भरवतात म्हणून त्याने दोन्ही मुलींना शाळेतून काढलं, घरी शिकवायला घेतलं, आणि बाजारातला कायदा स्वयंपाकघरात आणून बसवला.

हाताची घडी, तोंडावर बोट हे सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. या घरात ते उलटं होतं. मुली चुकायला लागल्या की बाप स्वतःच्याच तोंडावर बोट ठेवायचा. ते मुलींसाठी नसायचं, त्यांच्या आईसाठी असायचं. थोरली दुधात साखर म्हणून मीठ घालतेय, की बोट. धाकटी उलटा फ्रॉक घालून लग्नाला निघालीय, की बोट. आई गप्प बसायची. नवरा मारत नाही, पीत नाही, तासन्‌तास मुलींबरोबर बसतो, आणखी काय हवं, असं ती स्वतःला समजवायची. खरं म्हणजे त्याच्याशी वाद घालायचा तिला कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला ती विश्वास म्हणायची.

घोड्यांची सहल हा त्या वर्षीचा मोठा अभ्यास. दोन घोडे, एक तंबू आणि डोंगरापलीकडचं माळरान. नकाशा, झाडपाला, जनावरांची निगा, सगळं एका दमात शिकायचं. थोरली कधीपासून गावाबाहेरच्या तबेल्यात सुट्टीच्या दिवशी लीद काढायला जायची, तीही हौसेने, एका म्हाताऱ्या घोडीपायी. एका कानाने लुळी, स्वभावाने हट्टी. तिला सगळे आजीबाई म्हणत. तबेल्याचा मालक थोरलीला म्हणाला होता, "एवढी सहल नीट करून आण. मग आजीबाई तुझी." पोरीला झोप लागेना. वाटेत ती घोडीवर बसलीच नाही. म्हातारी दमेल म्हणून लगाम धरून चालत राहिली, आणि बाप दुसऱ्या घोड्यावर, साहेबावर, ऐटीत बसून पुढे.

दुपारी ओढ्याकाठी तंबू ठोकला. घोडी बांधायचं काम थोरलीचं. घोडा छातीच्या उंचीला, आखूड दोराने बांधायचा हे तिला शिकवलेलं होतं. पण बुंध्याजवळ गवत हिरवंगार होतं आणि आजीबाई मान ताणत होती. थोरलीने दोर खाली बांधला आणि चांगला लांब सोडला. खा गं पोटभर, म्हणाली.

आईने ते पाहिलं. दोर गवतात वेटोळं करून पडला होता, घोडीच्या पुढच्या पायाशीच. तिने तोंड उघडलं. समोर नवऱ्याचं बोट ओठांवर होतं, आणि डोळ्यांत ती जुनी खूण: चुकू दे. तिने तोंड मिटलं.

मग सगळे ओढ्यापलीकडे पानं गोळा करायला गेले. घोडीची किंकाळी ऐकून थोरली सर्वांच्या पुढे धावली. दोर पायात गुंतून आजीबाई आडवी पडली होती, पुढचा पाय मोडला होता.

जनावरांचा डॉक्टर आला, पायाला हात लावला आणि मान हलवली. सुई भरताना म्हणाला, "मुलींना तिकडे न्या."

"राहू द्या," हेडमास्तर म्हणाला. "हाही अभ्यासच आहे."

आजीबाईला जायला वेळ लागला. थोरलीने तो लुळा कान शेवटपर्यंत हातात धरून ठेवला. डॉक्टर गेल्यावर बापाने घसा साफ केला. "तर मग, काय शिकलो आपण?"

"दोर आखूड ठेवायचा."

"आणि?"

"उंच बांधायचा."

"शाब्बास. आता जन्मात विसरणार नाहीस."

थोरलीने वर पाहिलं. "बाबा, तुम्हाला दिसलं होतं?"

"म्हणजे काय! बांधलास तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला. त्याला अभिमानच वाटत होता.

"आई, तुला?"

आई सतरंजी झटकत होती. स्वच्छ सतरंजी. "दिसलं होतं," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते पोरीच्या काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाले. हेडमास्तर साहेबावर खोगीर चढवता चढवता घोड्याच्या हाडांवर बोलत होता. पायाचं हाड जुळत का नाही, ते. बोलता बोलता त्याने पोटाखालचा पट्टा, तंग, एकदाच ओढला. घोडा खोगीर चढवताना पोट फुगवतो. चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो. हे मुलींना शिकवलं होतं त्यानेच. साहेबाने श्वास सोडला. तंग लोंबायला लागला, मूठ सहज आत जाईल एवढा.

थोरलीला दिसलं. आईलाही दिसलं. थोरलीने आईकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं.

आईने तोंड मिटलं. सवयच होती, असं नंतर म्हणता आलं असतं. पण ती सवय नव्हती.

दगडांच्या उतारावर खोगीर फिरलं. हेडमास्तर घोड्याच्या पोटाखाली गेला, पाय रिकिबीत अडकला, आणि बिथरलेल्या साहेबाने त्याला ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. पाय सुटला तेव्हा मांडी भलतीकडेच वळली होती. तो गुरासारखा ओरडत होता.

"तंग... सैल होता... कुणाला दिसला नाही?"

"मला दिसला होता," थोरली म्हणाली. ती त्याच्या उशाशी उकिडवी बसली. "तर मग बाबा, काय शिकलो आपण?"

धाकटी हुंदके देत पुढे झाली. "ताई, मला येतंय! मी सांगते, तंग पुन्हा—"

थोरलीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "सांगायचं नाही. त्यांचं त्यांना आठवू दे."

"अगं, फोन कर," हेडमास्तर बायकोला म्हणाला. "डॉक्टरला फोन कर!"

फोन आईच्या हातातच होता. तीही उत्तराची वाट बघत उभी राहिली.