उशिरे आडनावाची दोन घरं

माझं आडनाव उशिरे. परतुरात या आडनावाचं एकच घर होतं आणि त्या घरात तेव्हा आई आणि मी अशी दोनच माणसं. नाव सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग "रागावू नका हं" म्हणायचा. राग यायचाच. म्हणून मी व्रत घेतलं की जन्मात कुठं उशिरा जायचं नाही. निजामी संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारी दफ्तरात कारकून म्हणून चिकटलो, तेव्हापासून शिपायाच्याही आधी पोचायचो आणि कुलूपबंद दारासमोर डबा धरून उभा राहायचो. चार वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकदा चपलेचा अंगठा तुटला आणि दहा मिनिटं उशीर झाला, तर अख्खं दफ्तर उठून उभं राहिलं. साहेब म्हणाले, "आइए, उशिरे! आज नाव राखलंत."

त्या दिवसापासून मी आडनावाच्या मागे लागलो. वडील मी पाळण्यात असतानाच गेले होते. आजोबा कुठूनसे येऊन इथल्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस दाबायला लागले, याच्यापलीकडे आईला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "गिरिधर, आडनावानं पोट भरतं का? जेवून घे."

पण शाळेच्या वाचनालयात मला एक जाड संस्कृत कोश सापडला आणि त्यात शब्द होता, उशीर. अर्थ, वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतात ते वासाचं मूळ! मी तिथंच दोनदा उभा राहिलो आणि दोनदा बसलो. म्हणजे आम्ही उशिरा येणारे नव्हतोच. आम्ही सुगंधी होतो.

पुढचं सगळं मी घरी बसून रचलं. आमचे पूर्वज सुभेदाराच्या महालाला वाळ्याच्या ताट्या पुरवत. उन्हाळ्यात त्यांना पालखी येई. पालखीला दोन भोई की चार, यावर मी एक पूर्ण रविवार घालवला आणि चार ठेवले. आणखी उशिरे सापडावेत म्हणून मराठवाडाभरच्या ओळखीच्या कारकुनांना चौदा पोस्टकार्डं टाकली. तीन उत्तरं आली. दोघांनी असं आडनाव ऐकलं नसल्याचं कळवलं. तिसऱ्यानं वाळा काय भावानं देता, असं विचारलं.

चोपन्नच्या गणेशोत्सवात मी या विषयावर व्याख्यान दिलं. श्रोते सतरा होते, त्यातले निम्मे प्रसादाला थांबलेले. पहिल्या रांगेत मात्र निवृत्त मास्तर श्रीपतराव बसले होते. त्यांना अत्तराचा भारी शौक. कानात फाया घातल्याशिवाय ते भाजी आणायलासुद्धा जात नसत. व्याख्यान संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि पुढच्या मार्गशीर्षात आपली मुलगी अरुंधती मला दिली. इतक्या थापा मारून इतकी गुणी बायको मिळालेला माणूस परतुरात दुसरा नसेल.

लग्नानंतर काही महिन्यांनी दफ्तरात वाटूरचं जुनं उर्दू रजिस्टर माझ्याकडे आलं. जमिनीच्या नोंदी मराठीत उतरवायच्या होत्या. उतरवता उतरवता एका ओळीवर बोट थांबलं, 'कडूबा वल्द रखमाजी उशिरे', म्हणजे रखमाजीचा मुलगा कडूबा. दुसरं घर सापडलं होतं! आणि त्या आनंदात मी जे केलं ते सांगायला आजही जीभ जड होते. मी मराठी रजिस्टरात 'उशीरकर' लिहिलं. जरा भारदस्त वाटेल म्हणून. पुढंमागं माझंही तेच करून घ्यावं, असा बेत होता.

हे सोडून बाकी सगळं मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जावईबापू, मीपण येतो. वाळ्याचं बन पाहू."

काही ना काही निमित्त काढून मी तीन महिने टाळलं. शेवटी एका रविवारी आम्ही मोटारीनं वाटूरला उतरलो. विचारत विचारत शेतावर पोचलो. शेत कसलं, ओढ्याकाठची खडकाळ पट्टी होती ती. तिथं साठीचा एक काटक माणूस दगड वेचून बांधावर टाकत होता. मी नाव सांगितलं तसा तो धावत आला आणि मला मातीच्या हातांनी कवटाळलं.

"म्या तुझ्या बापाचा चुलतभाऊ. कडूबा. तुझा आजा गावातून गेल्ता जिनावर, तो पुन्हा आलाच न्हाई. चतुरा, ए चतुरा! आपला पोरगा आला बघ!"

चतुराकाकूंनी भाकरी, ठेचा आणि ताक दिलं. सासऱ्यांना धीर निघेना. "अहो, तुमच्याकडे वाळा असेल ना?" त्यांनी विचारलं.

"हाय की," काकू म्हणाल्या आणि आतून नातीच्या पायातला चांदीचा वाळा घेऊन आल्या. "दुसरा मोडलाय. पर याची चांदी बिलकुल चोख हाय, पाव्हणं."

सासऱ्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि सवयीनं नाकाशी नेला. मी ताकाच्या लोट्यात तोंड घातलं.

"आडनाव कशावरून पडलं, काका?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण सासरे माझ्याकडे बघत होते.

"तुला म्हाईत न्हाई?" कडूबाकाका मोकळे हसले. "माझा आजा, तुझा पणजा, येसाजी. मोजणीवाले आल्ते गावात. समदा गाव चावडीवर, आन् हा गडी पिंपळाखाली झोपला व्हता. उठून आला तं यादी बंद. मुन्शी म्हणला, आता काय व्हत न्हाई. मंग येसाजी चावडीपुढं बसला. एक दिवस न्हाई, सात दिवस. पानी पडलं तरी उठला न्हाई. सातव्या दिवशी मुन्शी कंटाळला. चांगली काळी रानं समदी लोकायच्या नावावर लागली व्हती. ही पट्टी उरली व्हती, ती दिली. आन् उशिरा आला म्हणून नावामागं लिवलं, उशिरे."

"आणि त्याआधी आडनाव काय होतं?"

"त्याआधी कुनी विचारलंच न्हाई आमाला."

मग काका जवळ सरकले. "तू कागदाच्या कामात हाईस म्हणं. आपलं नाव बराबर हाय ना तिथं? तेवढं ध्यान ठेव, बाबा. सात दिवस बसून लिवून घेतलेलं हाय."

ठेचा तिखट होता, हे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं निम्मं कारण. निम्मं मला माहीत होतं.

परतीच्या मोटारीत सासरे माझ्याशेजारची जागा सोडून पुढं जाऊन बसले. घरी आल्यावर मी अरुंधतीला सगळं सांगितलं, रजिस्टरसुद्धा. पालखीचं खोटं होतं, हे ऐकून ती म्हणाली, "ते मला व्याख्यानातच कळलं होतं. बायकांच्या रांगेत आम्ही हसत होतो. पण रजिस्टरचं वाईट केलंत. उद्या जाऊन सांगा."

सोमवारी मी साहेबांपुढं उभा राहिलो आणि कबूल केलं. साहेबांनी विचारलं, "हे केव्हा लिहिलं?"

"तीन महिने झाले, साहेब."

"आणि आज सांगताय," साहेब म्हणाले. त्यांना पुढची कोटी सुचली होती हे दिसत होतं, पण माझा चेहरा पाहून त्यांनी ती गिळली. माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली. मी 'उशीरकर'वर रेघ मारली, वर 'उशिरे' लिहिलं आणि खाली सही केली, गि. ना. उशिरे. इतक्या नीट अक्षरात मी सही कधी केली नव्हती.

मला वाटलं, सासरे आता तोंड बघणार नाहीत. महिनाभर त्यांनी बघितलं नाहीच. मग एका बाजारच्या दिवशी कडूबाकाका ज्वारी घेऊन परतुरात आले आणि दफ्तराच्या ओसरीतून ओरडले, "उशिरे हाय का, उशिरे?" मी त्यांना जेवायला घरी नेलं. योगायोगानं सासरे मुलीला भेटायला आलेले होते. काकांनी त्यांना ओळखलं आणि विचारलं, "पाव्हणं, त्या दिवशी वाळ्याचा वास का घेतला तुमी?" सासऱ्यांना जे हसू फुटलं ते अरुंधतीनं पाणी आणून दिलं तरी थांबेना. पुढं दर बाजारी काका यायचे आणि दोघं आमच्या ओट्यावर सोंगट्या मांडायचे. सासरे त्यांच्या कानात फाया घालायचे. काका तो काढून पागोट्यात खोचायचे, चतुराकाकूंसाठी.

साठ सालच्या श्रावणात काका दोन दिवसांच्या तापात गेले. निरोप आला तेव्हा मी दफ्तरात होतो. रजेचा अर्ज लिहायला बसलो. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "कोण होते तुमचे?"

"चुलते," मी म्हणालो. "आमच्या घरातले वडीलधारे."

अर्जावर साहेबांची सही घेतली आणि सासऱ्यांना घेऊन वाटूरच्या मोटारीत बसलो.