स्वयंपाकघरातला शेवटचा पेपर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.चा शेवटचा पेपर दिला तो देवबागच्या आमच्या स्वयंपाकघरात, मिक्सर बाजूला सारून. काय करणार? सगळ्या घरात नेटवर्क येतं ते तेवढ्याच कोपऱ्यात. तीन वर्षं मासे साफ करता करता, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी बदलता बदलता लेक्चरं ऐकली होती. नोंदणीची मुदत संपत आलेली. हा पेपर गेला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

नियम कडक. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस नको, तोंडातून शब्द नको. मी पुढचं दार लावलं, पाहुण्यांना बजावलं, नवऱ्याला होडीवर पिटाळलं. मागचं दार मात्र उघडंच. दिवसाढवळ्या ते लावायचं असतं, हे आमच्या वाडीत कुणाच्या डोक्यात तरी येईल का!

दुसऱ्या प्रश्नावर होते आणि शेजारीण बांगडे घेऊन आत. "गो, ताजे आसत, घे."

मी गप्प. मान वळवायची सोय नाही. मनात म्हटलं, बाई गं, जा! पण आमच्याकडे दारात आलेल्याशी न बोलणं म्हणजे भांडणच की. ती टोप ठेवून जवळ आली. "रागावलंस? माझा काय चुकला गो?" आणि माझं तोंड बघायला थेट कॅमेऱ्यात वाकली.

झालं! लॅपटॉपमधून पर्यवेक्षक बाईंचा आवाज आला, "मॅडम, या तुम्हाला उत्तरं सांगताहेत. पेपर बंद करावा लागेल."

मला रडूच फुटलं. शेजारणीचा अस्सा राग आला, वाटलं टोपासकट बाहेर काढावी. "तीन वर्षं पाण्यात घातलीस माझी!" मी ओरडले.

ती दचकली. मग पदर सारखा करून स्क्रीनसमोर उभी राहिली. "ओ बाये, माका एक अक्षर वाचूक येणा नाय. मी हिका काय सांगतलंय?"

मग बाईंनी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला लावली, तिला बाहेर जायला सांगितलं आणि पेपर पुन्हा सुरू केला. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

उरलेले प्रश्न मी कसे लिहिले, देव जाणे. वीस वर्षं ती लाइटचं बिल, औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका घेऊन माझ्याकडे यायची. "चष्मो घराक रवलो, तेवढा वाच बघू." आणि मी शहाणी, दरवेळी तिच्या विसरभोळेपणाला हसायचे.