स्विचला लावलेलं कुंकू

मंडळी, वीस वर्षं नेटवर्क दुरुस्त करतोय. आज माझी शिकवणी झाली.

चौक गावच्या एका दवाखान्यात धाप लागलेले एक आजोबा बसले होते. त्यांचा एक्स-रे मुंबईच्या डॉक्टरांकडे जाईना, फाईल अर्ध्यातच तुटायची. मी ऐटीत लॅपटॉप उघडला. डेटाची दहा पॅकेट, म्हणजे छोटे तुकडे, पाठवली की तीन गायब! दोनदा केबल बदलली, सगळ्या केबल जोडतात तो डबा, म्हणजे स्विच, बंद-चालू केला. शून्य फरक.

फरशी पुसणाऱ्या हिरामावशी म्हणाल्या, "सायेब, डब्यावरचा त्यो तिसरा दिवा बघा. बाकीचे लुकलुकतात, ह्यो मधीच डोले मिटतो. दसऱ्याला पूजा केली ना, तवापासून."

"स्विचची पूजा?"

"मग? तुमच्या मशिनीला देव नाय का?"

मी त्या दिव्याखालची केबलची पिन उपसली आणि पहिल्यांदाच त्या भोकात डोकावलो. आत हळदकुंकू ठासलेलं! शेजारच्या रिकाम्या पोर्टात पिन घातली आणि एकही पॅकेट हरवलं नाही. फाईल गेली. लगेच डॉक्टरांचा फोन आला, "फुप्फुसाभोवती पाणी आहे, ताबडतोब हलवा." आजोबांना घेऊन ॲम्ब्युलन्स निघाली.

मी नकळत मावशींना हात जोडले. त्यांना वाटलं, स्विचला.

"जोडा हात, पण कुंकू नका लावू हां," त्या म्हणाल्या.