मेथीच्या लिलावाला सासूबाईंना नेलं तेव्हा

नवरा द्राक्षबागेच्या फवारणीत अडकला होता, म्हणून मेथी घेऊन नाशिकला, पंचवटीच्या मार्केटला मीच निघाले. सासूबाईंनाही बरोबर घेतलं. घरी एकटं ठेवायची सोयच उरली नव्हती. हल्ली त्या फार विसरायच्या. परवाच दुधाखाली गॅस तसाच ठेवून शेजारणीकडे जाऊन बसल्या होत्या. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलेला.

पालेभाज्यांचा लिलाव संध्याकाळी. आपल्या जुड्यांचा ढीग जमिनीवर लावायचा आणि त्याच्यापाशी बसून राहायचं. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगाढिगाशी थांबतो, जुडी उचलून देठ बघतो, बोली लावतो. ढिगाशी कुणी नसलं की सरळ पुढे जातो. मग काय, घाला मेथी गुरांना. आणि माल गेला, तर शेतकऱ्यानेच व्यापाऱ्याच्या गाडीपाशी जाऊन जुड्या मोजून द्यायच्या. सासूबाईंनी जन्मभर हेच केलेलं.

घोळका अगदी जवळ आला होता. मी वाकून मेथीवर पाणी मारलं, मागे वळले, तर सासूबाई नाहीत.

आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. इथे माझी ही धांदल आणि ह्यांना आत्ताच फिरायचं सुचलं! मग गेटाकडे नजर गेली. गेटबाहेर गाड्या नुसत्या सुसाट. कुणी द्वारका चौकाच्या रिक्षात बसवून दिलं तर? गावाचं नाव तरी सांगता येईल का त्यांना?

मी ढीग सोडून पळाले. शेजारचा शेतकरी मागून ओरडत होता की ताई, लिलाव आला. ऐकू येत होतं, पण पाय थांबेनात. हिरव्या लुगड्यातल्या म्हातारबाई दिसल्या का, म्हणून दिसेल त्याला विचारलं. एक हमाल तर वाट सोड म्हणून माझ्यावरच खेकसला. नवऱ्याला फोन लावायचीही हिंमत होईना.

सापडल्या त्या मुंबईला निघालेल्या एका पिकअपमध्ये. भलत्याच कुणाच्या कोथिंबिरीमागे गेल्या होत्या, आपलाच माल समजून. व्यापाऱ्याला वाटलं ही शेतकऱ्याची आई, शेतकऱ्याला वाटलं ही व्यापाऱ्याची कामाची बाई. गाडी चालू झालेली, आणि ह्या मागे बसून जुड्या मोजून रचतायत, एकही न चुकता.

मी गाडीची फळी धरली आणि रडायलाच लागले. आई, किती घाबरवलंत हो, उतरा खाली, असं काहीबाही बोलत सुटले. त्यांनी मोजणं थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदराने माझे डोळे पुसले.

"रडू नका, बाई," त्या म्हणाल्या. "माल गेला नाय का तुमचा?"

लग्न होऊन घरात आले तेव्हापासून त्यांनी मला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.