आजोबांचं स्थलांतर

विद्यापीठाच्या परिषदेसाठी मी वांकिडीतल्या आमच्या आजोबांवर निबंध लिहिला. सारांशात म्हटलं, हा शेतकरी निजामाच्या राज्यात जन्मला, मग आंध्र प्रदेशात राहिला, आता तेलंगणात आहे. सारांश पाठवणार, तोच आदिलाबाद जिल्हा फोडला आणि वांकिडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. चरफडत तेही वाक्य घातलं, सादरीकरणातला नकाशा बदलला.

आयोजक महाशहाणे! त्यांनी निबंध थेट ‘स्थलांतर’ या सत्रात टाकला. तणतणत मी वावरात जाऊन आजोबांना सांगितलं.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या बसल्या ते म्हणाले, “काऊन तापून राह्यला? बरोबरच हाय त्याइचं. मी हा धुरा सोडला नाई, पन सरकारनं मले कुठंकुठं फिरवलं! परिषदेले जाशीन त इचारून ये, आता मले कुठं नेऊन राह्यले.”