मंत्र शिकण्याचा फासा

"ह्याला कशाला फासे? ह्याचा मंत्र कोट्यातनं भरा की!"

प्रताप माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला आणि बाकीचे तिघं खो खो हसले. मीही हसलो. ते हसणं आजही सलतं.

शिवाजी पेठेत प्रतापच्या घराची माडी. रविवारची दुपार. आम्ही पाचजण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. प्रतापच्या मामानं अमेरिकेहून एक खेळ पाठवलेला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कोण योद्धा, कोण चोर. मी जादूगार. गोष्ट सांगणारा कायम प्रतापच, कारण पुस्तक त्याचं.

ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वहीत उतरवून काढलं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर बोटं दुखत होती. त्यामुळे जादूगार नवा मंत्र कसा शिकतो, हे मला प्रतापपेक्षा पक्कं ठाऊक. मंत्र आयता मिळत नाही. दुसऱ्या जादूगाराची पोथी सापडावी लागते. मग शंभरापर्यंतचा आकडा पाडणारे दोन फासे टाकायचे. जितकी बुद्धी, तितकी संधी. जमलं तर मंत्र आपल्या पोथीत आपल्या हातानं लिहायचा. चुकलं तर त्या मंत्राचं नाव काढायचं नाही.

त्या दिवशी माझ्या जादूगाराला गुहेत एक जुनी पोथी सापडली. तिच्यात उडण्याचा मंत्र. चार रविवार मी त्याची वाट बघत होतो. आणि फाशांना हात घालतोय, तर हे.

कोटा. मी कोडोलीच्या बौद्धवाड्यातला. माझी जागा राखीव, हे खरं. पण पेपर राखीव नव्हते. तेच प्रश्न, तेच तीन तास. वर्गात, मेसमध्ये, वर्कशॉपात हे ऐकून ऐकून कान किटले होते. वाटलं होतं, खेळात तरी सुटका होईल. तर गोष्टीतल्या माणसालाही माझी जात चिकटली. दमलो होतो. खरंच दमलो होतो.

"फासे दे," मी म्हणालो.

"आरं, चेष्टा केली की. चिडतोस काय?"

"फासे दे, प्रताप. नियम हाय तो."

आता कुणी हसलं नाही. त्यानं फासे सरकवले. माझ्या जादूगाराच्या बुद्धीला पासष्ट किंवा त्याखाली पडायला हवं होतं. पडले एकाहत्तर.

माझं तोंड उतरलं. प्रताप मात्र खुलला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "जाऊ दे लेका. घे मंत्र. मी दिला म्हणून समज."

ती थाप कोट्याच्या टोमण्यापेक्षा जास्त लागली. आधी आम्हाला खालचं ठरवायचं, मग वरून दानशूर व्हायचं.

"नको. मी टाकला, माझा चुकला."

"लई मानी झालास की रं!"

"व्हय. झालो."

मी उठलो. जिना उतरलो. मंत्र गेल्याचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण रस्त्यावर येईपर्यंत मनाशी ठरलं होतं. राखीव जागा माझ्या हक्काची. ती मान वर करून घेईन. नापास झालो तर माझ्याच हातानं होईन. हक्काचं असेल ते मागेन, नाही दिलं तर भांडेन. मेहेरबानी म्हणून पुढं केलेलं काहीही घेणार नाही. मंत्रसुद्धा नाही.