रायफलीची पूजा
बेसमेंटमध्ये बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला एडिसनमधला आमचा पहिला दसरा आठवतो. ह्यांना जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद, आणि महायुद्धातली एक रायफल नुकतीच घरी आली होती. तिचं लाकूड अगदी मूळचं, कुणी पॉलिश न केलेलं, आणि त्यातच तिची सगळी किंमत, असं हे येईल त्याला सांगत. मी तेव्हा नवी नवरी. अमेरिकेत धर्म टिकवायची जबाबदारी जणू माझ्या एकटीवरच! मिक्सर पुजला, गाडी पुजली आणि शस्त्र म्हणून रायफलीवरही ओल्या हळदकुंकवाची ठसठशीत बोटं ओढली. संध्याकाळी ह्यांचे गोरे संग्राहक मित्र खास ती बघायला आले. लाकडात मुरलेला लाल डाग पाहून त्यांनी आवाज खाली आणला, "ब्लड?" ह्यांनी डाग पाहिला, मग मला पाहिलं. "नो," हे दमलेल्या आवाजात म्हणाले, "माय वाइफ." पुढे दर दसऱ्याला आधी बंदुकांचं कपाट बंद व्हायचं, मगच माझ्या हाती कुंकवाचा करंडा यायचा. आता हे नाहीत; कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, पण जिना उतरून खाली गेले तरी ते उघडायचा उत्साह काही येत नाही.